क्रेन लावून झाड तोडताना वीज कडाडली तर

पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांना एकदमच फांद्या तोडायच्या असतात, आणि नेमके तेच दिवस वळवाचे. दुपारी तीननंतर आभाळ कधी भरून येईल नेम नाही. म्हणून क्रेन सकाळी सातलाच लावा, मोठे कट जेवणाआधी उरका.

पहिला कट मारायच्या आधी एकदा घड्याळ लावून बघा, हुकावरचं लाकूड खाली ठेवून पट्टा सोडायचा, वरचा माणूस उतरवायचा, बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आत घेऊन खाली आणायची आणि सगळ्यांनी लांब जायचं, याला किती वेळ लागतो? आम्ही पाच मिनिटं धरून चाललो होतो, मोजली तर अठरा निघाली!

आता वीज चमकल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला तर काम थांबवा असं सांगतात. आवाजाला 1 किमी यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे वीज 10 किमीच्या आत आली. नियम बरोबरच आहे, पण तो लगेच घरात शिरू शकणाऱ्या माणसासाठी आहे. ढग ताशी 40 किमीने सरकत असेल तर 15 मिनिटांत डोक्यावर, आणि तुमचा माणूस अजून झाडावरच. त्यामुळे क्रेनवाल्यांनी सेकंद मोजत बसूच नये, गडगडाट कानावर आला की काम बंद. चेनसॉच्या आवाजात तो ऐकूच येत नाही ही वेगळीच गंमत, म्हणून एक जण फक्त आभाळ आणि फोन बघायला ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, जवळपास कुठे विजा पडतायत ते दाखवतं, फुकट आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे अर्धा कट झालाय, पट्टा ताणलाय आणि तेवढ्यात गडगडलं. सोडताही येत नाही, थांबताही येत नाही. यावर उपाय आधीच करायचा, ढग जमायला लागले की मोठा ओंडका धरायचाच नाही, लहान लहान तुकडे काढायचे.

रबरी टायर आहेत, जॅकखाली लाकडी फळ्या आहेत म्हणून काही होत नाही असं म्हणणारा एक तरी भेटतोच. अरे, जी वीज ढगातून एवढी हवा फोडून खाली येते तिला वीतभर फळी काय अडवणार? झाडाखाली, क्रेनखाली, ताडपत्रीखाली थांबू नका, पक्क्या घरात नाहीतर पत्र्याच्या टपाच्या, काचा लावलेल्या जीपमध्ये बसा. बूम खाली घ्यायला वेळच नाही मिळाला तर ऑपरेटरने बंद केबिनमध्येच बसायचं, लिव्हर आणि लोखंडाला हात न लावता.

शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. एकोणतिसाव्या मिनिटाला परत गडगडलं तर परत पहिल्यापासून. ठेकेदार ओरडेल, ओरडू दे.

कुणावर वीज पडलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, बिनधास्त हात लावा, श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा. क्रेनवर पडली असेल तर टायरजवळ जाऊ नका, आत तापून नंतरही फुटू शकतात, आणि वायर रोप, बेअरिंग, लोडचा डिस्प्ले मेकॅनिकने तपासल्याशिवाय ती परत चालू करू नका.