धान पोटरीवर येतंय: कोळी एकदा नाही, दोनदा मोजा

पोळा झाला, मारबत निघाली, आता नागपूर जिल्ह्यातल्या मौदा, रामटेक, कुहीकडच्या बांध्यांत (भातखाचरांत) धान पोटरीवर येतंय, म्हणजे लोंबी अजून पानाच्या कोषातच आहे. मध्यम मुदतीच्या धानाची लोंबी बाहेर पडायला दोन-तीन आठवडे आहेत. पर्णकोषात, म्हणजे पानाच्या खोडाला गुंडाळलेल्या भागात, राहणाऱ्या कोळीचा निकाल याच दिवसांत लागतो.

ही कोळी म्हणजे जाळं विणणारा कोळी नव्हे, धानाचा रस शोषणारी बारीक कीड. पाव मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फुटव्याच्या खालच्या पानाचा कोष अलगद सोला. आतल्या बाजूला तपकिरी पट्टा दिसला की त्याच्या कडेला वीसपट भिंग धरा. पिवळसर, पारदर्शक कण हळूहळू सरकताना दिसतील, तीच कोळी. एका हंगामात मी हा पट्टा निव्वळ कोष कुजव्या (बुरशीचा रोग) समजलो आणि बुरशीनाशक मारत राहिलो. लोंब्या निघाल्या त्या ताठ उभ्या, दाणे पोचट आणि डागाळलेले. कोळी आणि कुजव्याची बुरशी बहुधा जोडीनेच येतात, हे तेव्हा कळलं.

उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला तिला साधारण आठवडाच लागतो. नराशी संयोग न झालेली मादीही अंडी घालते. त्यातून नर निघतात आणि त्यांच्याशीच संयोग करून ती पुढची पिढी सुरू करते. म्हणजे एक मादी शिरली तरी पुरे. म्हणूनच आज किती दिसल्या यापेक्षा त्या किती वेगाने वाढताहेत, हे बघायचं.

बांधीत वेगवेगळ्या ठिकाणचे 20 फुटवे घ्या, कोष सोलून कोळी मोजा, आकडा वहीत लिहा. सात दिवसांनी पुन्हा 20 घ्या. समजा पहिल्यांदा 6 निघाल्या, नंतर 24. आठवड्यात चौपट, म्हणजे साडेतीन दिवसांत दुप्पट. लोंबीला 14 दिवस उरले असतील तर याच वेगाने 24 च्या 384 होतील. तेच 6 च्या 9 झाल्या, तर दोन आठवड्यांनी 20 च्या आसपास. तिथे फवारणीची घाई नको, तिसरी मोजणी करा. हा हिशेब अंदाजाचाच. मोठा पाऊस, गारवा, मित्रकीटक वेग कमी करतात, पाऊस उघडून उकाडा वाढला की तो चढतो. म्हणून हवा पालटली की नव्याने मोजा.

वेग जास्त असेल तर लोंबी निघण्याआधीच हालचाल करा, दाणे पोचट झाल्यावर फवारून उपयोग नाही. धानासाठी शिफारस असलेलं कोळीनाशकच वापरा, नाव आणि मात्रा कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घ्या. फवारा बुंध्याकडच्या कोषांपर्यंत पोहोचला पाहिजे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड टाळा, त्याने कोळी खाणारे मित्रकीटक आधी मरतात. युरियाचा जादा हप्ताही नको.

पेंच धरणाच्या पाण्यावर उन्हाळी धान घेणाऱ्यांनी कापणीनंतरची धसकटं आणि त्यांना फुटलेली हिरवी पालवी नांगरून गाडावी. खरिपाच्या पऱ्ह्यांकडे (रोपांकडे) कोळी तिथूनही येते.