परड्यातल्या सावलीत काय लावायचं?

आमच्या पेठेत घरं एकमेकांना इतकी चिकटलेली, की परड्यात ऊन उतरणं म्हणजे नशीबच. एका अंगाला शेजारची तीन मजली इमारत, मधोमध सासऱ्यांच्या वेळचा फणस. अशा जागी गुलाब, शेवंती, मोगऱ्याचा हट्ट धरू नका. चार-पाच तास थेट ऊन मिळालं नाही तर ही झाडं जगतात, फुलत मात्र नाहीत.

नर्सरीत जायच्या आधी सावली नीट बघा. दुपारी बाराच्या सुमारास जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्या वीतभर वर तळवा धरा. सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर, कडा पुसट दिसल्या तर मध्यम सावली, हात उमटलाच नाही तर दाट सावली. हे हिवाळ्यात एकदा आणि मेमध्ये पुन्हा करायचं. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर ठरलेल्या दिवशीच होतो, कारण सूर्य मावळायची जागा वर्षभर सरकत असते. परड्यातही तोच हिशेब. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्ट उजाडेपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळं हिवाळाभर अंधारलेल्या उत्तरेच्या भिंतीशी नेमकं मेमध्ये ऊन येतं आणि तिथल्या नाजूक पानांच्या झाडांची पानं करपतात. अशी झाडं मी कुंडीतच ठेवते, म्हणजे उचलून हलवता येतात.

मध्यम सावलीत, सकाळचं कोवळं ऊन येत असेल तर अबोली आणि सोनटक्का लावा. सोनटक्क्याला ओल हवी, म्हणून तो न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर खूश असतो (साबणाचं पाणी मात्र नको). पावसाळ्यात फुलतो, वास सगळ्या बोळात जातो. बहर संपला की फुललेले दांडे बुडातून कापा. दाट सावलीत लावलात तर नुसता पाला मिळेल.

खायचं काही हवं असेल तर अळू आणि हळद. वडीसाठी काळ्या देठाचा अळू मागून घ्या. हळदीचे कंद मेअखेर दोन-तीन बोटं खोल लावा. उन्हातल्याइतकं पीक येणार नाही, घरापुरतं लोणचं होतं, आणि पानं वाफवायच्या पदार्थांना मिळतात हा वरचा फायदा.

फणस, आंबा असेल तर माझं पहिलं मत मिरीवेलीला. घाट उतरून कोकणात गेलं की झाडाझाडावर चढलेली दिसते, मग आपल्या परड्यात का नको? पावसाळा सुरू होताना मुळं फुटलेलं रोप खोडाच्या उत्तरेला, साधारण फूटभर अंतरावर लावा आणि वेल सुतळीनं सैल बांधा. पुढं ती आपल्या मुळांनी खोडाला धरते. नर्सरीवाले बहुतेक पन्नियूर-१ पुढं करतात. जात चांगली आहे, पण तिला उजेड लागतो. दाट सावली असेल तर करीमुंडा मागा. मिरी धरायला तीनेक वर्षं थांबावं लागतं.

जिथं हात उमटलाच नाही तिथं फुलांचा नाद सोडून पानांवर या: नेचे, सिंगोनियम, अग्लोनिमा, स्नेक प्लांट. डिफेनबेकिया दिसायला देखणी, पण तिचा चीक तोंडात गेला तर जीभ सुजते. रांगतं पोर घरात असेल तर आणूच नका.

झाडाखाली कुदळीनं खोल खणू नका, मुळं तुटतात. खोडाभोवती मातीचा ढीग घातला तर साल कुजते. त्यापेक्षा फणसाचा वाळका पाला किंवा उसाचं पाचट पसरा, खोडापासून जरा लांब.

सावलीतली झाडं तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात. बोट मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. जुलैत कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका, आपल्याकडच्या संततधारेत त्यात डबकं होतं आणि डासही. खतही कमीच, पावसाआधी मूठभर शेणखत पुरे.

आणि गोगलगायी. पहिल्या पावसानंतर त्या अळूवर तुटून पडतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्यानं उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ मातीत सांडू देऊ नका.