गणिताच्या तासाला गुप्तहेर: रहस्यकोडी घेताना या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या वर्गात “हे कोणी केलं?” असा प्रश्न टाकला की मागच्या बाकावरची मुलंही पुढे सरकतात. पाकिटं, संशयितांची यादी, सांकेतिक चिठ्ठ्या असं सगळं मिळालं की तास कसा संपला ते कळत नाही. पण रंगलेल्या तासात गणित झालंच असेल असं नाही. पुष्कळदा मुलांना चोर सापडतो आणि ज्या घटकासाठी हा खटाटोप केला, तो घटक मात्र होता तिथेच राहतो. असं होण्याची कारणं ठरावीक आहेत, आणि त्यातली बरीचशी उपक्रम आखतानाच शिरलेली असतात.

गोष्ट एकीकडे, गणित दुसरीकडे

सगळ्यात मोठी चूक हीच. “३x + ७ = २२ सोडवा. उत्तर ५ आलं तर पाकीट क्रमांक ५ उघडा.” इथे तपासाचा आणि समीकरणाचा काय संबंध? समीकरण फक्त कुलूप झालं. मुलाला हे लगेच कळतं आणि ते कुलूप लवकरात लवकर कसं उघडेल एवढंच बघतं. सरावसंचाला गोष्टीचं वेष्टन घातलं म्हणून तो तपास होत नाही.

गणिताचं उत्तर हाच पुरावा असला पाहिजे. एक संशयित म्हणतो, “मी अडीच किलोमीटर चालत आलो, दहा मिनिटं लागली.” हिशेब केला तर वेग ताशी १५ किलोमीटर निघतो. माणूस साधारणपणे ताशी ५ किलोमीटर चालतो. म्हणजे एकतर तो चालत आला नाही, किंवा वेळ खोटी सांगतोय. इथे भागाकार करणं म्हणजेच उलटतपासणी घेणं. उत्तर आल्यावर मुलं थांबत नाहीत, कारण उत्तराला अर्थ आहे.

माझ्या आवडीचं आणखी एक प्रकरण, शेकडेवारीसाठी. टाकीत ५०० लिटर पाणी होतं. सकाळी त्यात २० टक्के भर घातली. दुपारी टाकीत जेवढं होतं त्यातलं २० टक्के वापरलं. संध्याकाळी मोजलं तर टाकीत ४८० लिटर होतं. रखवालदाराची तक्रार अशी की २० लिटर चोरीला गेलं. मुलं तावातावाने संशयित शोधू लागतात. मग कुणीतरी हिशेब मांडतं: ५०० चे ६०० झाले, पण नंतरचे २० टक्के ६०० चे, म्हणजे १२० गेले. चोरी झालेलीच नाही! “वीस टक्के वाढवले आणि वीस टक्के कमी केले की जिथल्या तिथे” ही समजूत इतकी पक्की असते की नुसतं सांगून ती जात नाही. इथे ती समजूत हेच तक्रारीचं मूळ आहे, म्हणून ती उघडी पडते.

कोडं बनवून झालं की एक कसोटी लावून बघा. गोष्ट काढून टाकली तर गणित जसंच्या तसं उरतं का? उरत असेल तर गोष्ट वरून चिकटवलेली आहे.

गणित न करताच चोर सापडतो

दहा मिनिटांत एखादा गट ओरडतो, “सापडला!” बघावं तर पाचांपैकी एकच पाकीट उघडलेलं. यात गटाची चूक नाही, धाग्यांची मांडणी कच्ची आहे. पहिल्याच धाग्याने एक सोडून बाकी सगळे संशयित बाद झाले तर पुढचं कोण कशाला सोडवेल?

यावर उपाय गणितातच आहे. प्रत्येक धाग्याने उरलेल्यांपैकी अर्धे बाद व्हावेत. संशयित आठ असतील तर तीन धागे: आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. सोळा असतील तर चार धागे. समजा प्रत्येक संशयिताचा एक बिल्ला क्रमांक आहे: १८, २०, २७, ३५, ५४, ५७, ६४, ७७. आता तीन गोष्टी शोधायच्या: क्रमांक सम आहे का, त्याला ३ ने भाग जातो का, आणि तो ५० पेक्षा मोठा आहे का. हो-नाहीच्या आठही जोडण्या या यादीत एकेकदाच आल्या आहेत. त्यामुळे कोणतेही दोन धागे सोडवले तरी दोघे उरतातच, तिसरा टाळता येत नाही. अर्थात “क्रमांक सम आहे” असं थेट लिहून द्यायचं नाही. ते त्या दिवशीच्या घटकावरच्या एखाद्या हिशेबातून निघालं पाहिजे. (५७ मुद्दाम घातला आहे. त्याला ३ ने भाग जातो हे पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही.)

याच्या उलट चूक म्हणजे काहीच न सांगणारा धागा. “तिजोरीचा आकडा दोन अंकी आहे. अंकांची बेरीज ९ आहे. त्याला ३ ने भाग जातो.” तिसरं वाक्य वाया गेलं, कारण अंकांची बेरीज ९ असली की ३ ने भाग जाणारच. १८, २७, ३६ पासून ९० पर्यंतच्या नऊही संख्या जशाच्या तशा उरतात. त्याऐवजी “आकडा सम आहे” म्हटलं तर पाच उरतात, आणि “अंकांतला फरक ३ आहे” हे जोडलं की फक्त ३६ उरतो. धागे लिहून झाल्यावर प्रत्येकापुढे “आता किती उरले?” हे मांडून बघाच. शेवटी एकापेक्षा जास्त उरत असतील तर ते वर्गात नव्हे, तुमच्या टेबलावर कळलं पाहिजे.

एक उत्तर चुकलं आणि सगळा तपास भरकटला

पहिल्या उत्तरावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं अशी साखळी आकर्षक वाटते, पण वर्गात ती जाचते. एखादं गणित बरोबर सुटण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर सलग सहाही बरोबर सुटण्याची शक्यता ०.८ चा सहावा घात, म्हणजे जेमतेम २६ टक्के. चारातले तीन गट कुठेतरी घसरणार आणि तुम्हाला ते शेवटी कळणार. गटाने पहिल्याच पायरीला ऋण चिन्ह विसरलेलं असतं, पुढचा सगळा तर्क निर्दोष असतो, आणि निकाल काय? चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून धागे शक्यतो एकमेकांवर अवलंबून ठेवू नका. सगळे स्वतंत्र असावेत आणि शेवटी एकत्र यावेत. शिवाय मुलांना स्वतःचं स्वतः तपासता यावं यासाठी पाकिटावर पडताळा द्या. उत्तरच छापलं तर मजा गेली. तीन उत्तरांची बेरीज छापली तर हुशार मुलं दोन सोडवून तिसरं वजाबाकीने काढतील. त्यापेक्षा “या उत्तराला ९ ने भागल्यावर बाकी ४ उरते” असं लिहा. त्यातून उत्तर कळत नाही, पण चूक बहुधा पकडली जाते. एक पळवाट मात्र राहते: ३६ च्या जागी ६३ लिहिलं तर ९ ची बाकी बदलत नाही. अंकांची अदलाबदल तुमच्या वर्गात नेहमी होत असेल तर ११ ने भागून बाकी द्या. ३६ ची बाकी ३, ६३ ची ८.

आता चुकीच्या उत्तरांचं काय करायचं? मला वाटतं, संपूर्ण उपक्रमात सर्वांत जास्त विचार इथे करावा. समजा एकूण किती भाग संपला हे काढायला २/३ + १/४ ही बेरीज आहे, आणि यादीत प्रत्येक संशयितापुढे एकेक उत्तर लिहिलं आहे. बरोबर उत्तर ११/१२, पण अंश-अंश आणि छेद-छेद मिळवणाऱ्या मुलाला ३/७ मिळतं. यादीत ३/७ नसेलच, तर ते मूल दुसरी क्रिया करून बघतं, मग तिसरी, यादीतलं काहीतरी येईपर्यंत. त्याला बेरीज समजत नाही, फक्त यादीशी जुळवणं जमतं. यादीत ३/७ असेल आणि पुढे काहीच अडलं नाही, तर चुकीची समजूत आणखी घट्ट होते. म्हणून ३/७ वाला संशयित यादीत ठेवावा आणि पुढच्याच पाकिटात त्याच्या विरोधात जाणारा पुरावा ठेवावा: “संपलेला भाग अर्ध्यापेक्षा जास्त होता.” ३/७ तर अर्ध्याहून कमी! नुसते २/३ सुद्धा अर्ध्याहून जास्त आहेत, मग त्यात भर घालून उत्तर कमी कसं आलं? हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारला की छेद समान करण्याची गरज त्याला पटते.

अशा चुका वहीतून गोळा कराव्या लागतात. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठं मानणं, ३(x + ४) चं ३x + ४ करणं, −३² आणि (−३)² यांत गल्लत करणं, जाताना ताशी ४० आणि परतताना ताशी ६० म्हणजे सरासरी ५० मानणं. (सारखंच अंतर असेल तर ती ४८ येते.) यातली प्रत्येक चूक एकेका निरपराध संशयिताकडे बोट दाखवते.

सांकेतिक चिठ्ठी देवनागरीत आणताना

सव्वीस अक्षरांना सव्वीस आकडे देणारी इंग्रजी कोडी उचलून मराठीत आणली की घोटाळा होतो. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांना कुठला आकडा द्यायचा? मुलं अर्धा तास त्यातच अडकतात.

आपल्या वर्णमालेत याहून चांगली सोय आहे. क, च, ट, त, प हे पाच वर्ग, प्रत्येकात पाच व्यंजनं. ५ × ५ ची चौकट आयती तयार. पहिली संख्या वर्गाची, दुसरी वर्गातल्या जागेची. क म्हणजे (१, १), प म्हणजे (५, १), ट म्हणजे (३, १). झाला शब्द ‘कपट’. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने मशालींनी संदेश पाठवण्याची जी रीत वर्णन केली आहे, तीही अशाच चौकटीवर आधारलेली आहे. क्रमित जोडी शिकवायला हे फार उपयोगी पडतं. संख्यांचा क्रम उलटा घेतला की ‘कपट’ चं ‘कङग’ होतं आणि काहीतरी चुकलंय हे वाचणाऱ्यालाच कळतं. फक्त शब्द काना-मात्रा नसलेले आणि या पंचवीस व्यंजनांतलेच निवडा: बटण, मदत, गगन. आकडे थेट देऊ नका, छोट्या समीकरणांतून काढायला लावा.

गटात एकच गुप्तहेर

चौघांच्या गटाला एक कागद दिला की एक जण सोडवतो आणि तिघे पाकीट धरून बसतात. प्रत्येकाच्या हाती वेगळा धागा द्या आणि नियम करा: कागद दुसऱ्याला द्यायचा नाही, तोंडी सांगायचं. मग सगळ्यांना स्वतःचा हिशेब समजून घ्यावाच लागतो.

“पहिला येईल तो जिंकला” हा नियम तर ठेवूच नका. शर्यत लागली की अंदाजपंचे आरोप सुरू होतात. आरोप करायला एकच संधी द्या आणि सोबत लेखी पुरावा मागा.

संशयित कोण, याकडेही लक्ष हवं. वर्गातल्या कुणाशी नाव जुळायला नको. रंग, वजन, चष्मा, बोलण्याची लकब हे पुरावे नकोत. खुनाची गरज नाही. हरवलेली वस्तू, बदललेली नोंद, बंद पडलेलं यंत्र पुरतं.

ऐन तासात अडलं तर

गट ठप्प झाला तर उत्तर सांगू नका, सूचना तीन टप्प्यांत लिहून तयार ठेवा. पहिली फक्त प्रश्न विचारते (“इथे काय माहीत आहे, काय शोधायचं आहे?”), दुसरी पद्धत सुचवते, तिसरी पहिली पायरी करून दाखवते. तिसरीही पुरली नाही तर तो घटक अजून कच्चा आहे. मग तपास थांबवून फळ्याकडे वळलेलं बरं.

दुसऱ्या तुकडीत चोराचं नाव आधीच पोचलं असेल तर सगळं नव्याने बनवायची गरज नाही. वरच्या बिल्ला क्रमांकांच्या यादीत एका हिशेबातला आकडा बदलून ‘सम’ चं ‘विषम’ केलं की चोर बदलतो. आठही जोडण्या यादीत असल्याचा हा आणखी एक फायदा.

लवकर संपवणाऱ्या गटाला जादा गणितं देऊ नका, ती शिक्षा वाटते. त्यांना सांगा: एक धागा असा बदला की दुसराच संशयित दोषी ठरेल आणि तरीही शेवटी एकच जण उरेल.

शेवटची दहा मिनिटं

चाळीस मिनिटांचा तास असेल तर तिसाव्या मिनिटाला पाकिटं बंद. चोराचं नाव जाहीर झालं, टाळ्या वाजल्या आणि घंटा झाली, तर मुलांनी तर्क केला पण तो मांडला नाही. गणितात मांडणीच मोठी असते.

प्रत्येक गटाला आरोपपत्र लिहायला सांगा. “चोर कोण” याला एक ओळ, आणि “बाकीचे सात का नाहीत” याला उरलेलं पान. पुराव्यांच्या ताकदीतला फरकही इथेच बोलायचा. पायाची लांबी साधारणपणे उंचीच्या १५ टक्के असते, म्हणून २४ सेंटिमीटरच्या ठशावरून उंची १६० सेंटिमीटर निघते. पण प्रमाण १४ ते १६ टक्के धरलं तर हीच उंची १५० ते १७१ च्या मध्ये कुठेही असू शकते. एवढ्यावर कुणाला दोषी ठरवता येईल का? संशय घ्यायला पुरेल, सिद्ध करायला नाही. क्रमांकाला ३ ने भाग जातो की नाही, यात मात्र असं ‘साधारण’ काही नसतं. हा भेद सातवीतली मुलं आपल्या शब्दांत नीट सांगतात, फक्त त्यासाठी वेळ ठेवावा लागतो.

आरोपपत्रं दुसऱ्या गटाला द्या. त्यांनी बचावाचे वकील व्हायचं आणि तर्कातली एक तरी फट शोधायची. सापडली तर मूळ गटाने ती पुढच्या तासाला बुजवून आणायची. त्याच तासाला, गोष्टीचा उल्लेख न करता, त्याच घटकावरचं एक साधं गणित सगळ्यांना एकेकट्याने सोडवायला द्या. उपक्रमातून काय उरलं ते त्या उत्तरांवरून दिसेल, आणि पुढच्या तपासात कोणता संशयित घालायचा तेही.