एएव्ही मागवण्याआधी जीनची लांबी मोजा

मानवी प्रथिन पेशींत जास्त प्रमाणात बनवून घ्यायचं असेल, तर एएव्ही व्हेक्टर (जीन पेशीत वाहून नेणारा अ‍ॅडिनो-असोसिएटेड विषाणू) मागवण्याआधी कागद-पेन घेऊन बेरीज करा. या विषाणूच्या पोटात दोन्ही टोकांचे आयटीआर (डीएनएचे ठरावीक तुकडे) धरून जेमतेम 4.7 किलोबेस, म्हणजे डीएनएची 4700 अक्षरं (बेस) मावतात. सीएफटीआर या प्रथिनाचंच बघा: 1480 अमिनो आम्लं, प्रत्येकाला तीन बेस, म्हणजे नुसत्या कोडिंगचेच 4440 बेस. त्यात आयटीआरचे 290 मिळवले की डबा भरला. मग प्रमोटर (जीन सुरू करणारा तुकडा) आणि पॉलिए (जीनच्या शेवटची खूण) बसवायचे कुठे? नेहमीचा सीएमव्ही प्रमोटर एकटाच सहाशे बेसच्या आसपास जातो. अशा वेळी ओढाताण न करता सरळ लेंटिव्हायरस हा दुसरा विषाणू-व्हेक्टर घ्या, त्यात जवळपास दुप्पट जागा मिळते. मात्र तो पेशीच्या जीनोममध्ये कायमचा जाऊन बसतो, हे ध्यानात असू द्या.

एएव्हीचं प्लाझ्मिड (व्हेक्टर बनवायला लागणारं गोल डीएनए) जिवाणूंत वाढवलं की दर वेळी ते आयटीआरमध्ये कापणाऱ्या स्मा-वन एन्झाइमने कापून तुकड्यांची लांबी जेलवर बघाच. ई. कोलाय या जिवाणूत वाढताना आयटीआरचे तुकडे गळून जातात आणि पट्टे अपेक्षेपेक्षा वेगळे दिसतात. तिथेच थांबलात तर पुढची सगळी मेहनत वाचते. आणि कंट्रोल म्हणून नुसता बफर नको. त्याच प्रमोटरचा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) व्हेक्टर घ्या, तोही त्याच टायटरला (विषाणूच्या तेवढ्याच प्रमाणात), म्हणजे विषाणूमुळे झालेला बदल प्रथिनाच्या खात्यावर जमा होणार नाही.