‘दोन्हीकडे फेज आलाय’ म्हणण्याआधी: वायरिंगच्या शब्दांतल्या या चुका टाळा

पंखा बंद, ट्यूब बंद. सॉकेटच्या एका भोकात टेस्टर घातला, पेटला. दुसऱ्यात घातला, तिथंही पेटला. लगेच निदान ठरतं: ‘दोन्हीकडे फेज आलाय.’ मग फेज, म्हणजे वीज आणणारी तार, शोधत मंडळी मीटरपर्यंत जातात आणि बिघाड न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत, तसाच राहतो.

होतं असं, की न्यूट्रल कुठेतरी तुटला की चालू ठेवलेल्या बल्बमधून किंवा पंख्यातून फेज पलीकडच्या तारेवर येऊन थांबतो. परतीची वाट बंद, म्हणून काही चालत नाही. पण टेस्टर पेटवायला तेवढं पुरतं. खात्री करणं सोपं आहे. सगळे स्विच बंद करा, प्लग काढा. दुसऱ्या भोकातला टेस्टर विझला किंवा अगदी मंद झाला, तर न्यूट्रल गेलाय. मल्टिमीटर असेल तर एक बल्ब चालू ठेवून मोजा. फेज ते अर्थ (जमिनीला जोडलेली तार) 230 व्होल्टच्या आसपास आणि फेज ते न्यूट्रल जवळजवळ शून्य, म्हणजे प्रश्नच मिटला. तसा टेस्टर हा भरवशाचा साक्षीदार नाही, पण त्याला दोष देण्याआधी तो काय सांगतोय ते ऐकावं.

थ्री फेजमध्ये, म्हणजे तीन फेज आणि एकच सामाईक न्यूट्रल असलेल्या पुरवठ्यात, हाच तुटलेला न्यूट्रल जास्त महागात पडतो. प्रत्येक फेज ते न्यूट्रल 230 व्होल्ट, पण दोन फेजमध्ये 400 (230 गुणिले 1.732). मुख्य न्यूट्रल सुटला की दोन फेजवरचा लोड एकमेकांशी सिरीजमध्ये (एकामागोमाग एक) जोडला जातो आणि 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात, तेही असमान. एका फेजवर 2000 वॉटचा हीटर आणि दुसऱ्यावर 100 वॉटचा साधा बल्ब आहे, तिसऱ्यावर काही नाही, असं धरा. हिशोब केला तर बल्बच्या वाट्याला 380 व्होल्ट येतात. म्हणजे ज्या फेजवर लोड कमी, तिथली उपकरणं जळतात. ‘व्होल्टेज वाढून आला’ असं म्हणून पुरवठ्याला नावं ठेवण्यापूर्वी एवढं बघा: एका खोलीतले दिवे भगभगीत आणि दुसरीकडचे मिणमिणते आहेत का? मोठा लोड चालू केला की हा फरक वाढतो का? तसं असेल तर मेन आधी बंद, चर्चा नंतर. याच कारणासाठी न्यूट्रलमध्ये वेगळा फ्यूज टाकू नये. तो उडाला तर घरभर फेज राहतो आणि दिसतं मात्र ‘लाइट गेलीये’ असं.

आता अर्थिंग. ‘न्यूट्रल आणि अर्थ शेवटी एकच, मग इथं जोडला तर काय बिघडलं?’ हा युक्तिवाद अर्धवट खरा आहे, म्हणूनच घातक. अनेक व्यवस्थांमध्ये पुरवठ्याच्या टोकाला ते दोन्ही जोडलेले असतात, पण एका ठरलेल्या जागी. त्यापुढे न्यूट्रलमधून रोजचा करंट वाहतो आणि अर्थमधून फक्त बिघाडाच्या वेळी. अर्थच्या तारेवर बल्ब लावला तर तो पेटतो, यात शंका नाही. पुढे कधी ती अर्थची तार सैल झाली, की त्याच तारेला जोडलेल्या गीझरची, फ्रिजची बॉडी करंट मारायला लागते. आरसीसीबी (करंट गळाला की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तो आधीच पडलेला असतो आणि बिचाऱ्यालाच ‘खराब’ ठरवून बदललं जातं.

आरसीसीबी आणि एमसीबी यांची गल्लत तर सर्रास. एमसीबी हा आपोआप पडणारा स्विच ओव्हरलोड (झेपेल त्यापेक्षा जास्त करंट) आणि शॉर्टवर (फेज थेट न्यूट्रलला टेकणं) पडतो. शॉकपासून माणसाला वाचवणं त्याचं काम नाही. 16 अँपियरच्या एमसीबीला माणसाच्या शरीरातून गेलेले 50 मिलिअँपियर जाणवतही नाहीत. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो. 30 मिलिअँपियरच्या आरसीसीबीला तेवढा फरक झाला तर तो तोडतोच. पण त्याला ओव्हरलोड कळत नाही, म्हणून दोन्ही लागतात. आरसीसीबी सारखा पडत असेल तर एकेक एमसीबी चढवून बघण्याची पद्धत ठीकच. पण सगळे एमसीबी खाली असतानाही तो पडला तर ‘आतच फॉल्ट आहे’ असं ठरवू नका. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे पुढे कुठे न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर तो फॉल्ट जागेवरच असतो. मेन बंद करून एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवून बघावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही. नव्या वायरिंगनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल, तर एका आरसीसीबीचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रल लिंकवर (न्यूट्रल तारा जोडायच्या पट्टीवर) गेलाय का, हे आधी तपासा.

‘शॉर्ट झालं’ हे तर सगळ्याच बिघाडांचं टोपणनाव आहे. एमसीबी चढवताक्षणी पडला तर शॉर्टचा संशय घ्या. वीस मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड. 16 चा एमसीबी 17 अँपियरला पडत नाही म्हणून तो निकामी ठरत नाही. घरगुती एमसीबीने रेटिंगच्या 1.45 पट, म्हणजे सुमारे 23 अँपियरला तासाभरात पडावं, असा नियम आहे. आणि वारंवार पडतो म्हणून 16 च्या जागी 32 चा बसवणं हा उपाय नव्हे. एमसीबी तारेची राखण करतो. 2.5 स्क्वेअर एमएमच्या तारेवर 32 चा बसवला तर एमसीबीच्या आधी तार तापेल.

लूज कनेक्शनवर तर यातलं काहीच पडत नाही. 20 अँपियर वाहत असताना सांध्यात 0.1 ओहम एवढाच अडथळा असला, तरी त्या चिमुकल्या जागी 40 वॉटची उष्णता तयार होते. प्लास्टिक काळं पडणं, जळका वास, दिवा फुरफुरणं, ही त्याची लक्षणं. ॲल्युमिनियमची केबल तांब्याला नुसती पिळून जोडली असेल तर पहिला संशय तिथंच.

केव्हीए आणि किलोवॉटबद्दल थोडक्यात: केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपियर, हजारांत; त्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा किलोवॉट आणि त्या हिश्शाचं प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर. 10 केव्हीएच्या जनरेटरवर 0.8 पॉवर फॅक्टरने 8 किलोवॉटच मिळतात. आणि बिलातलं युनिट म्हणजे किलोवॉट-तास. ‘किती किलोवॉट जळले’ या प्रश्नाला अर्थ नाही.

रंगांवर विसंबू नका. जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल. आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी, काळा, राखाडी हे फेज आणि निळा न्यूट्रल. म्हणजे निळ्या-काळ्याची चक्क अदलाबदल. दोन्ही काळातलं वायरिंग एकाच डीबीत (एमसीबी बसवलेल्या पेटीत) सापडतं. म्हणून मेन बंद केल्यावरही टेस्टर आधी माहीत असलेल्या चालू जागी लावून बघा, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा त्या चालू जागी. तिसऱ्यांदा पेटला नाही, तर मधलं ‘बंद आहे’ हे उत्तर धरू नका.