झेंडूची पानं धुरकट दिसतायत? पंप भरण्याआधी पान उलटून बघा

पोळा झाला की झेंडू-शेवंतीच्या रानात घाई सुटते. कळी धरलेली, दसरा तोंडावर, आणि त्यात पावसानं आठ-पंधरा दिवस उघडीप दिलेली. पानं जरा निस्तेज झाली की आपण थेट दुकान गाठतो.

मीही गाठलं होतं. पानांवर बारीक पांढुरके ठिपके होते. दुकानदार म्हणाला फुलकिडे, आणि सिंथेटिक पायरेथ्रॉईड या कीटकनाशकाची बाटली दिली. आठवडाभरात शेंड्यांवर जाळ्या चढल्या. तो लाल कोळी होता. कोळ्याला पाय आठ, किडीला सहा. तो कीटकांच्या जातीतलाच नव्हे. त्या औषधानं कोळी खाणारे मित्रकीटक मेले आणि कोळ्याला रान मोकळं झालं.

म्हणून आता वहीचा कोरा कागद खिशात ठेवतो. फांदीखाली धरायचा आणि वरून दोन टिचक्या मारायच्या. लांबुळके, पिवळसर-तपकिरी कण लगबगीनं पळाले तर फुलकिडे. गोल ठिपके रेंगाळत चालले आणि बोटानं चिरडल्यावर कागदावर तांबूस रेघ उठली तर कोळी. पानावरही फरक कळतो. फुलकिड्यांनी खरवडलेली जागा चांदीसारखी चमकते, तिच्यावर काळे ठिपके असतात. पाकळ्यांच्या कडा करपतात. कोळी पानाच्या खालून बसतो, आणि बहुधा रस्त्याकडच्या, धूळ बसणाऱ्या ओळींतून सुरू होतो. आधी तिथंच बघा.

कळीला भोक आणि तोंडाशी ओलसर विष्ठा दिसली तर ती घाटे अळी, आपल्या तुरीची आणि हरभऱ्याचीच. कपाशीच्या कडेनं झेंडू सापळा पीक म्हणून, म्हणजे कीड स्वतःकडे ओढून घ्यायला, लावायला सांगतात तो हिच्यासाठीच. तेव्हा तूर-कपाशीशेजारी झेंडू असेल तर रोज सकाळी कळ्या तपासा. अळी अर्धी कळीत, अर्धी बाहेर सापडते. थोड्या असतील तोवर हातानं वेचणं परवडतं. शेवंतीच्या शेंड्यावर मुंग्यांची ये-जा आणि चिकटपणा म्हणजे मावा, त्याला भिंग लागत नाही.

कोळ्यासाठी आधी पाण्याचा ताण मोडा. मग 80 टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक, लेबलावरच्या प्रमाणात, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालून. निंबोळी तेल मारलं असेल तर दोन-तीन आठवडे गंधक नको, पानं भाजतात. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, मावा-पांढऱ्या माशीला पिवळे. सुरुवातीलाच 5 टक्के निंबोळी अर्क बरा: 5 किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून पाणी 100 लिटर करायचं.

फुलं उमलल्यावर फवारायची वेळ आलीच तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी. आणि बाटलीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे गेल्याशिवाय तोडा करू नका. हार ओवणाऱ्या बाया दोरा दातानंच तोडतात.