मुलांच्या मोबाइलवर स्वतःला इजा करण्याविषयीचा मजकूर येत असेल तर

आधीच खचलेल्या मुलाने, मग ते घरचे असो वा शिकवणीसाठी नागपुरात एकटे राहणारे, अशी एखादी चित्रफीत रेंगाळून पाहिली, की इन्स्टाग्रामसारखी माध्यमे ती त्याची आवड समजून तसाच मजकूर पुढे करत राहतात. ब्रिटनमधील मॉली रसेल या १४ वर्षांच्या मुलीच्या २०१७ मधील मृत्यूस अशा मजकुराने हातभार लावल्याचे तेथील न्यायिक चौकशीने २०२२ मध्ये नमूद केले.

तरीही मोबाइल हिसकावून घेऊ नये. मूल लपवू लागते, शिवाय त्याला धीर देणारे मित्रही त्याच मोबाइलवर भेटत असतात. धरमपेठेतून पायी फिरताना, समोरासमोर बसवून उलटतपासणी न करता, “असे काही दिसते का, तुलाही तसे करावेसे वाटते का?” असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात रुजेल, ही भीती उगाचच बाळगली जाते; तसे होत नाही. मग दोघांनी मिळून ‘रस नाही’ हा पर्याय निवडावा आणि तशी खाती ब्लॉक करावीत.

जखमा दिसल्यास किंवा मूल मरणाविषयी बोलू लागल्यास मात्र सेटिंगमध्ये वेळ घालवू नये: त्याला एकटे सोडू नये, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे आणि जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावावा.